शेड्युलरचा हिशेब चालू ठेवायचा की बंद?

रात्रपाळी: लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) ४.६ पासून, म्हणजे २०१६ पासून, शेड्युलरचे, म्हणजे कोणत्या प्रोसेसला (चालू प्रोग्रामला) सीपीयू कधी द्यायचा हे ठरवणाऱ्या भागाचे, तपशीलवार आकडे (स्केडस्टॅट्स) डीफॉल्ट बंद असतात. कर्नल-डेव्हलपर मेल गॉर्मन यांचा पॅच (कोडमधला बदल). माझ्या मते ती चूक होती.

आमच्या एका सर्व्हरवर रात्री सव्वादोनला रिक्वेस्ट अडकायच्या आणि दहा मिनिटांनी आपोआप सुटायच्या. सकाळी त्या प्रोसेसची 'स्केड' फाइल उघडली, तर सीपीयूच्या रांगेत किती वेळ गेला ही ओळच नाही. स्केडस्टॅट्सचा हिशेब चालू केला. त्या रात्री नेमकं काहीच झालं नाही! दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "डीफॉल्ट बंद आहे म्हणजे काहीतरी कारण असेल ना? प्रॉडक्शनवर (चालू कामाच्या सर्व्हरवर) नको." झालं, बंद केला.

नेमके: साहेबांचं बरोबर आहे, राव. प्रोसेस झोपली, उठली, रांगेत लागली, की दर वेळी वेळ टिपा, वजाबाकी करा, बेरजेत टाका, आजवरचा कमाल आकडा मोडला का ते बघा. हे सेकंदाला हजारो वेळा. नेटपर्फ, हॅकबेंच यांसारख्या सतत झोप-ऊठ करणाऱ्या चाचण्यांत हा भार दिसला, म्हणून तर पॅच आला. तुमच्या एका सव्वादोनसाठी सगळ्या जगानं रोज वर्गणी का भरायची?

रात्रपाळी: मग 'चालू आहे का' हे तपासायलाही वेळ जातोच की.

नेमके: तिथेच तर गंमत आहे. तपासतच नाहीत. त्या जागी काहीच न करणारी सूचना असते, एक्स८६ (इंटेल, एएमडी) प्रोसेसरवर दोन किंवा पाच बाइटची. तुम्ही हिशेब चालू केलात की कर्नल स्वतःचाच चालता कोड बदलून तिथे उडी बसवतो. रीबूट नाही, काही नाही. बंद असताना खर्च जवळपास शून्य.

कोपऱ्यातला कोअर: दोघांनीही शेजारची फाइल पाहिलेली दिसत नाही. त्याच प्रोसेसच्या 'स्केडस्टॅट' फाइलमध्ये तीनच आकडे असतात: सीपीयूवर किती वेळ, रांगेत किती ताटकळली, किती वेळा पाळी आली. पहिले दोन नॅनोसेकंदांत. स्केडस्टॅट्सचं बटण बंद असलं तरी हे मोजले जातात. म्हणजे रात्रपाळींची निम्मी तक्रार निकालात. आणि नेमके, वर्गणी तुम्हीही भरताच आहात, फक्त थोडी कमी.

नेमके: मान्य. पण थोडी म्हणजे किती यावरच तर वाद आहे. शिवाय कर्नल ४.२० पासून पीएसआय (प्रेशर स्टॉल इन्फर्मेशन) आहे, सीपीयू, मेमरी, आयओ (डिस्कवरची वाचन-लेखन) तिन्हींचा ताण दाखवतं.

कोपऱ्यातला कोअर: तेही शेड्युलरच्या त्याच वाटेवर बसून मोजतं. ते चालतं वाटतं तुम्हाला!

रात्रपाळी: कोअरभाऊ, आभार. चार दिवस दर मिनिटाला ती फाइल साठवली. काल पुन्हा अडकलं, आणि दुसरा आकडा जेमतेम हलला. म्हणजे सीपीयूची रांग नव्हतीच, प्रोसेस झोपूनच होती. पीएसआयमध्ये आयओचा ताण दिसतोय, पण तेव्हा बॅकअपही चालतो, तो दिसणारच. माझी प्रोसेस आयओसाठी किती वेळ थांबली, हा आकडा त्या बंद हिशेबात आहे. आता साहेबांना काय सांगून तो चालू करून घेऊ, ते सुचवा.