मदत हवी आहे: परसात उगवलेलं हे शेवळंच (पावसाळी रानभाजी) आहे ना? आणि त्यात घालायची काकडं (आंबट रानफळं) नसतील तर?

मंडळी, आम्ही बदलापूरला राहतो. पहिला पाऊस पडून चार दिवस झाले आणि मागच्या कुंपणाशी जमिनीतून जांभळट-तपकिरी कोंब वर आलेत. पान एकही नाही, नुसता वीतभर लांब, निमुळता, मिटलेला कोंब. सुरणाचं फूल ओळखते मी, ते बुटकं, पसरट असतं आणि त्याला कुजका वास येतो. हे तसं नाही.

सासूबाई असत्या तर एका नजरेत सांगितलं असतं. त्या वाल घालून शेवळं करायच्या. कोंबावरचं पानासारखं आवरण काढून टाकायच्या, आतला पिवळा भागही टाकायच्या, आणि काकडांचा रस हवाच म्हणायच्या. शेवळ्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यानेच घसा खाजतो, म्हणून आंबट लागतंच. यंदा बाजारात काकडंच दिसली नाहीत.

चिंचेचा कोळ चालेल का, की आमसुलं बरी? चिरून आधी उकळून पाणी टाकायचं, की तेलावर परतायचं? खात्री झाल्याशिवाय भाजी करणार नाही. ठाणे-रायगडकडच्या जाणत्यांनी कृपया लवकर सांगा, कोंब उमलायला लागलेत.