गाण्यातून घुमट वाद्य काढा म्हणतात, काय करू?

वास्कोचा गिटारवाला: आम्ही चौघं मराठीत ख्रिस्ती उपासनेची गाणी करतो, सहा तयार आहेत. एक काका रेकॉर्डिंगचा सगळा खर्च द्यायला तयार आहेत पण म्हणतात घुमट (आपलं गोव्याचं मातीचं तालवाद्य) काढा, आरतीसारखं वाटतं, आणि वर सगळे हक्क पण त्यांच्याच नावावर. पैसे तर लागणारच ना, काय करू?

म्हापसेकर: घुमट काढू नको रे! मांडोला, म्हणजे आपल्या कोंकणी गाण्यांना, वाजतंच की ते, आणि 2019 पासून गोव्याचं वारसा वाद्य आहे. फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्रीनी लिहिलेलं ख्रिस्तपुराण, येशूवरचं मराठी काव्य, 1616 मधे छापलं गेलं ते पण ओवीतच, काकांना सांग.

हिशोबवाली ताई: 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा लिहून घेता येत नाही. पण मास्टर रेकॉर्डिंग, म्हणजे गाण्याचं मूळ ध्वनिमुद्रण, साधारण पैसे घालणाऱ्याचं होतं, खरी मेख तिथे. करार नीट वाच, नुसता चहा पिऊन सही नको.

वास्कोचा गिटारवाला: थँक्यू ताई. काल एक गाणं घरीच केलं, भिंतीला गाद्या लावून. छान झालंय, फक्त दुसऱ्या कडव्यात शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी आलीय 😅