ऑफिसात टेबल आवरायला वेळ काढता कसा?

टेबल_पाच
नमस्कार मंडळी. मी पंचायत समितीत कनिष्ठ सहायक आहे, जूनमध्ये बदली होऊन या टेबलला आले. चार्ज देताना आधीच्यांनी दोन कपाटं आणि भिंतीला रचलेले गठ्ठे दाखवले, "सगळं यातच आहे" म्हणाले आणि गेले. आता कुणी आलं की फाईल शोधण्यातच अर्धा तास जातो, शोधताना भलतीच फाईल हाताला लागते, तिच्यातही काहीतरी राहिलेलं असतं म्हणून ती टेबलावर घेते, आणि संध्याकाळी सव्वासहाला बघावं तर टेबलावर वीस-बावीस फायली, पूर्ण एकही नाही. परवा एक आजी घरकुलाच्या हप्त्याचं विचारायला तिसऱ्यांदा आल्या. त्यांचा अर्ज माझ्याच ड्रॉवरमध्ये दुसऱ्याच कागदाला गंजक्या टाचणीने अडकलेला सापडला. त्या काही बोलल्या नाहीत हो, पण मला रात्री झोप लागली नाही. शनिवारी येऊन आवरावं तर घरी दोन लहान मुलं. ऑफिसच्या वेळातच जमवता येतं का?

जुना_कारकून
ताई, शनिवारी अजिबात येऊ नका. २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला तेव्हा रोजची वेळ पावणेदहा ते सव्वासहा केली ती उगाच नाही, आणि दप्तर लावणं हेही कामच आहे, कामातून चोरलेला वेळ नाही. मी महसूलला ३१ वर्षं काढली. १९८०च्या दशकात नगरला लखीना साहेब कलेक्टर होते, त्यांनी कचेरीचं सगळं रेकॉर्ड वर्गवारी करून लावून घेतलं, लखीना पॅटर्न म्हणतात तो हाच. तुम्ही सहा गठ्ठे करा: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिकं (म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायचे अहवाल), स्थायी आदेश (कायम लागू असलेले), रेकॉर्ड रूमला पाठवायची आणि नष्ट करायची. यात प्रतीक्षाधीन गठ्ठ्याची गंमत अशी की ज्यात चेंडू दुसऱ्याच्या कोर्टात आहे ते सगळं तिकडे गेलं की तुमच्यापुढे खरं काम किती आहे ते कळतं, आणि ते वाटतं त्यापेक्षा खूप कमी असतं! फक्त 'ड' वर्गाचे, म्हणजे नष्ट करायच्या गठ्ठ्यातले कागद परस्पर फाडू नका, यादी करा, कार्यालयप्रमुखांची मंजुरी घ्या, मगच.

चाकण_शॉपफ्लोअर
काकांनी सांगितलं ते आमच्या कारखान्यात फाइव्ह एस म्हणून चालतं, कामाची जागा नीट लावायची जपानी पद्धत, पहिला एस सेइरी, म्हणजे नको ते बाजूला काढणं. शिफ्ट सुटायच्या आधीची १० मिनिटं मशीन बंद, सगळे आपापली जागा लावतात, सुपरवायझरसुद्धा. शंका असेल त्या वस्तूला लाल टॅग लावायचा, त्यावर तारीख टाकायची आणि एका ठरलेल्या कोपऱ्यात ठेवायची. ताई एक सांगतो, आवरताना फाईल उघडून काम करायला बसू नका, तिथंच घोळ होतो. फक्त गठ्ठा ठरवा नि पुढची घ्या.

तालुक्याचं_गाव
हे सगळं बरोबर आहे पण जिल्ह्यावरून "माहिती आजच्या आज पाठवा" आलं की तुमचा तास गेलाच समजा. मी आधी बीडीओ (गटविकास अधिकारी) साहेबांना भेटून सांगितलं, पावणेदहा ते साडेदहा मला बोलवू नका, ते हो म्हणाले. तरी उठावं लागलंच तर उठायच्या आधी हातातल्या फाईलवर चिठ्ठी लावते, 'टिपणी दुसऱ्या परिच्छेदापर्यंत झाली, ठराव जोडायचा राहिला' असं. परत येऊन बसलं की आठवत बसावं लागत नाही, डोकं लगेच तिथंच लागतं. एवढ्याने माझा दिवस बदलला, खरंच.

टेबल_पाच
सगळ्यांचे मनापासून आभार 🙏 दोन आठवडे झाले. साहेबांनी पाऊण तास दिला, शिपाई दादांनी गठ्ठे उतरवून दिले. एक कपाट पूर्ण झालं, 'ड'ची यादी सहीला ठेवली आहे. प्रलंबितमध्ये खरोखर ३४ निघाल्या, मी दीडशे धरून चालले होते. आजींचा प्रस्ताव पहिल्याच दिवशी वर पाठवला आणि त्यांच्या मुलाला फोन करून कळवलं. दुसऱ्या कपाटात उंदरांनी कुरतडलेले कागद आहेत, त्यांचं काय करायचं असतं काका?

जुना_कारकून
फेकू नका. तसेच वेगळ्या पाकिटात घालून वर फाईलचं नाव लिहा आणि साहेबांच्या नजरेस आणून टिपणी ठेवा. दुसरी प्रत ग्रामपंचायतीकडे असू शकते, आधी तिथं विचारा.