कामगारांना पीएफ, पेन्शन, एनपीएस कसं समजावावं? सल्ला हवा

मुक्ता_चाकण
चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एचआर बघते. शे-सव्वाशे कामगार, बरेचसे मराठवाड्यातले, पंचविशी-तिशीतले. नोकरी सोडताना प्रत्येकाचा पहिला प्रश्न, ‘मॅडम, पीएफ कधी निघेल?’ त्यांच्यासाठी निवृत्तीच्या बचतीवर सत्र ठेवायचंय. मालक शिफ्टमधला एक तास द्यायला तयार आहेत. एका बँकेचा माणूस फुकट बोलायला येतो म्हणतोय. बोलवू का? सुरुवात कशापासून करू?

भोसरीचा_अकाउंटंट
बँकेचा माणूस नको. तो विक्रीचं उद्दिष्ट घेऊन येणार आणि मागोमाग पॉलिसीचे फॉर्म फिरणार. बाहेरचं कुणी हवंच असेल तर सेबीकडे (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) नोंदणी असलेला, फी घेणारा सल्लागार बघा.

सुरुवात पगाराच्या स्लिपपासून करा. बेसिक-डीएच्या (मूळ पगार अधिक महागाई भत्ता) १२ टक्के कामगाराचे कापले जातात, तेवढेच मालक भरतो. पण मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात, तेही १५,००० पगाराच्या मर्यादेपर्यंत, म्हणजे महिना १,२५० रुपये. पासबुकात मालकाचा आकडा कमी दिसतो तो यामुळे. ‘कंपनीने पैसे खाल्ले’ हा संशय आधी फिटू दे, मग पुढचं ऐकतील.

रोहिणी_ना
मुक्ताताई, पेन्शनचं गणित फळ्यावर मांडाच. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. १५,००० वर ३० वर्षं भरली तरी महिना सात हजारांच्या आतच. तेवढ्यात भागणार नाही हे त्यांचं त्यांनाच दिसेल.

आणि हे कळकळीने सांगते: दर नोकरीला पेन्शनचे पैसे काढून घेतले की मागची वर्षं पुसली जातात. पेन्शनला किमान १० वर्षं लागतात. जुनं खातं त्याच यूएएनवर (नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक) ट्रान्सफर करून घ्यायला शिकवा. पाच वर्षांच्या आत पीएफ काढला तर करही लागू शकतो.

सातपूर_युनियन
आमच्याकडे कामगारांना सगळ्यात पटलं ते हे: आज काढलेले ५०,००० आठ टक्क्यांनी ३० वर्षं राहिले असते तर पाच लाख झाले असते. (२०२४-२५ चा व्याजदर ८.२५ होता.)

नॉमिनीचं विसरू नका. लग्नाआधी आईवडिलांचं नाव लावलेलं असतं, लग्नानंतर ते नॉमिनेशन रद्द ठरतं आणि बहुतेकांना याचा पत्ताच नसतो. कामगार नोकरीत असताना गेला तर ईडीएलआयमधून (पीएफसोबतची विमा योजना) कुटुंबाला कमाल ७ लाखांपर्यंत विमा मिळतो, त्यासाठी कामगाराच्या पगारातून एक रुपया कापला जात नाही. जमलं तर एखाद्या रविवारी कामगारांच्या बायकांनाही बोलवा. दावा त्यांनाच करायचा असतो.

मुक्ता_चाकण
बँकेला नाही कळवते. एनपीएस (बाजाराशी जोडलेली सरकारी पेन्शन योजना) आणि म्युच्युअल फंड त्याच तासात बसवू का?

रोहिणी_ना
नको, गोंधळ होईल. ज्याला थोडं जास्त टाकायचंय त्याला आधी व्हीपीएफ (स्वतःहून १२ टक्क्यांपेक्षा जास्त पीएफ भरणं) सांगा: तेच खातं, तोच व्याजदर, पगारातूनच कपात. फंड आणि एनपीएस दुसऱ्या सत्रात, आणि तेव्हा बाजार पडतोही हे स्पष्ट सांगून.

भोसरीचा_अकाउंटंट
पहिल्या दिवशी सगळ्यांना आधार कार्ड आणायला सांगा. नाव किंवा जन्मतारीख पीएफच्या नोंदीशी जुळत नसेल तर तिथल्या तिथे यादी करा. बरेच दावे याच कारणाने अडकतात. कंत्राटी कामगारांनाही बसवा, त्यांचा ठेकेदार पीएफ भरतोय का हे बघणं मूळ कंपनीचीही जबाबदारी आहे.