४३ फुटांचा फायदा पिचरलाही

हायस्कूलच्या मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचर (बॉल टाकणारी) जिथून बॉल टाकते तिथपासून बॅटिंगच्या जागेपर्यंतचं अंतर ४० वरून ४३ फूट झाल्याने बॅटिंग करणाऱ्या मुलींचं फावलं आणि पिचरच्या खांद्यावर भार आला, असं काहीजण म्हणतात. भार वाढला हे मान्य. पण पिचरच्या सुरक्षेबद्दल कुणीच बोललेलं नाही. बॉल सोडेपर्यंत ती झेप घेऊन कित्येक फूट पुढे आलेली असते. समोरून सणसणीत फटका आला तर ग्लव्ह तोंडापर्यंत न्यायलाही वेळ मिळत नाही. माझी मुलगी तिथे उभी असते, त्यामुळे मला ते तीन फूट फार मोलाचे वाटतात.

शिवाय २०१०-११च्या या बदलाने अमेरिकेतल्या हायस्कूलचं अंतर कॉलेजइतकंच झालं. पुढे खेळणाऱ्या मुलीला ड्रॉप बॉल (बॅटरजवळ येताना खाली जाणारा बॉल) नेमका कुठे खाली बसवायचा, हे नव्याने शिकावं लागत नाही.