पुस्तकावरची बंदी राजपत्रात, पोस्टवरची बंद पाकिटात

कलमकसाई

पुस्तक जप्त करायचं तर राज्य सरकारला अधिसूचना काढावी लागते आणि तिच्यात कारणं लिहावी लागतात. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 95 खाली व्हायचं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 98 खाली होतं. कारणं नसतील तर आदेश टिकत नाही. 1961 साली हरनामदास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर उत्तर प्रदेश सरकारचा जप्तीचा आदेश रद्द केला होता. शिवाय अधिसूचना निघाल्यापासून दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं आणि तिथे तीन न्यायाधीशांचं विशेष पीठ ते ऐकतं.

आता तोच मजकूर वेबसाइटवर टाका. इथे लागतं मजकूर रोखायचा अधिकार सरकारला देणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 69अ आणि त्याखालचे 2009 चे नियम. त्यातला नियम 16 म्हणतो की आलेल्या विनंत्या, तक्रारी आणि त्यांवर केलेली कारवाई, सगळं काटेकोरपणे गुप्त ठेवायचं. लिहिणाऱ्याला दिसतं एवढंच, की मजकूर भारतात उपलब्ध नाही. कुठल्या वाक्यावर आक्षेप, कुठल्या कारणाखाली, आदेश कुठल्या तारखेचा, काही नाही.

सरकारने काहीच रोखू नये असं मी म्हणत नाही. अभिव्यक्तीच्या हक्कावर मर्यादा घालायची घटनेच्या 19(2) मध्ये आठ कारणं आहेत आणि ती राहणार. रोखा, पण आदेश दाखवा. न पाहिलेल्या आदेशाविरुद्ध दाद मागणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

शांतताप्रिय

तुलना सोयीची आहे. पुस्तकाच्या जप्तीत आधी सुनावणीच नसते, हे तुम्ही शिताफीने गाळलंत. 69अ मध्ये निदान कागदावर तरी ती आहे. मागणी त्या त्या खात्याने नेमलेल्या नोडल अधिकाऱ्यामार्फत येते आणि समितीपुढे जाते. समितीत विधी, गृह, माहिती व प्रसारण आणि सर्ट-इन (सायबर सुरक्षेची सरकारी संस्था) यांचे सहसचिव दर्जाच्या खालचे नसलेले प्रतिनिधी बसतात. नोटीस दिली की उत्तराला किमान 48 तास मिळतात. मग माहिती तंत्रज्ञान खात्याच्या सचिवाची मंजुरी. 2015 साली श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने आक्षेपार्ह संदेशांना शिक्षा देणारं 66अ उडवलं आणि त्याच निकालात 69अ मात्र कायम ठेवलं, ते ही चौकट पाहूनच.

आणि गुप्तता हवीच. दंगलीच्या रात्री एखादी खोटी चित्रफीत फिरत असेल, तर तिचा दुवा राजपत्रात छापायचा? ती तर जाहिरातच झाली. लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या सामग्रीची यादी प्रसिद्ध करणार का? करून पाहा.

कलमकसाई

सुनावणीचा टोला बरोबर बसला, मान्य. पण शोषणाच्या सामग्रीचं उदाहरण इथे चालत नाही. 69अ च्या कारणांत ते नाहीच. तिथे सार्वभौमत्व आणि अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी, एवढंच आहे. सभ्यता, नीतिमत्ता, बदनामी, न्यायालयाचा अवमान ही 19(2) मधली कारणं 69अ ने घेतलेलीच नाहीत. शोषणाच्या सामग्रीसाठी 67ब हे वेगळं कलम आहे. गुप्ततेची बाजू मांडताना दरवेळी तीच पुढे येते आणि तिच्या आडून राजकीय व्यंगचित्र निघून जातं.

दंगलीच्या रात्रीसाठी नियम 9 आहे. सचिव नोटीस न देता अंतरिम आदेश देऊ शकतो, फक्त 48 तासांच्या आत प्रकरण समितीपुढे न्यावं लागतं. हे मला मान्य आहे. आदेश नंतरही दाखवायचा नाही, हे मान्य नाही. दुवा काळा करून बाकीचा आदेश देता येतो. अख्ख्या जिल्ह्याचं इंटरनेट बंद करायचा आदेश प्रसिद्ध करावाच लागतो, असं अनुराधा भसीन प्रकरणात 10 जानेवारी 2020 ला ठरलंय. लाखो लोकांचा आदेश उघड आणि एका माणसाच्या पोस्टचा गुप्त, हे गणित कुणी समजावून सांगावं.

तारजोडणी

दोघंही ‘पोस्ट रोखली’ असं लिहिताय, पण रोखतं कोण यावर बरंच अवलंबून आहे. आदेश समाजमाध्यम कंपनीला गेला तर तेवढीच पोस्ट भारतापुरती झाकता येते. इंटरनेट पुरवठादाराला गेला तर ते जमत नाही. एचटीटीपीएसमध्ये, म्हणजे कुलूपबंद जोडणीत, पुरवठादाराला साधारण साइटचं नाव कळतं, पुढचं पान कळत नाही. डीएनएसमधून (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेतून) खोटं उत्तर द्यायचं किंवा जोडणी सुरू होताना दिसणारं नाव बघून ती तोडायची, एवढंच हाती असतं. म्हणजे एका पानासाठी अख्खी साइट जाते. डिसेंबर 2014 मध्ये 32 पत्त्यांच्या आदेशात कोड, चित्रफिती आणि मजकूर ठेवायच्या गिटहब, व्हिमिओ आणि पेस्टबिन या साइट सापडल्या होत्या. कारण दहशतवादी प्रचाराचं होतं, आणि अडकले कोड लिहिणारे. यादी बाहेर आली आणि ओरड झाली, म्हणून चूक लवकर दुरुस्त झाली. गुप्त यादीतली चूक दुरुस्त कोण करणार?

अडवणूक खरंच आदेशामुळे आहे का, हे आधी तपासा. दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्यांवरून पान उघडून बघा, मग डीएनएस बदलून. एकीकडे उघडलं आणि दुसरीकडे नाही, तर गडबड पुरवठादाराकडे आहे. दोन्हीकडे तीच ‘भारतात उपलब्ध नाही’ पाटी आली तर कंपनीने झाकलंय. पाटीचा स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट जपून ठेवा, पुढे कामी येतो.

शांतताप्रिय

तांत्रिक भाग पटला. पण ‘कोण दुरुस्त करणार’ याचं उत्तर नियम 14 मध्ये आहे. पुनर्विलोकन समिती किमान दोन महिन्यांतून एकदा बसते आणि आदेश रद्द करू शकते.

अर्जंटपिटिशन

त्या समितीत कॅबिनेट सचिव आणि आणखी दोन सचिव. सचिवाच्या आदेशाची तपासणी सचिवच करणार! बाहेरचा एकही माणूस नाही, लेखकाला बोलावत नाहीत.

नियम 8 मध्ये नोटीस ‘व्यक्ती किंवा मध्यस्थ’ (म्हणजे मजकूर ठेवणारी कंपनी) यांना द्यायची आहे. श्रेया सिंघल निकालात न्यायालयाने मजकूर टाकणारा सापडत असेल तर त्यालाही ऐकायचं, असं वाचलं. तरी त्या ‘किंवा’चा आधार घेऊन नुसत्या कंपनीला कळवलं की काम भागतं. कंपनी कशाला भांडेल? आदेश मोडला तर सात वर्षांपर्यंत कैद आहे. ट्विटर भांडायला गेलं, तर जून 2023 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने 50 लाखांचा खर्च बसवला आणि परदेशी कंपनीला कलम 19 चा हक्कच नाही असं सांगितलं. म्हणजे ज्याला हक्क आहे त्याला कळवत नाहीत, आणि ज्याला कळवतात त्याला हक्क नाही.

लेखक स्वतः गेला तर काय होतं? हुंडा किती मिळेल ते ‘मोजून देणारी’ एक उपरोधिक वेबसाइट 2018 मध्ये बंद झाली. हुंड्याची टिंगल होती, पण वाचणाऱ्याला ती जाहिरात वाटली असावी. मे 2022 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मालकाला आदेशाची प्रत द्या आणि सुनावणी घ्या असं सांगितलं. प्रत दिली म्हणून कुठलं आभाळ कोसळलं नाही. फक्त साडेतीन वर्षं गेली.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी कंपनीकडे लेखी विचारा, 69अ चा आदेश आहे की 79(3)(ब) ची, म्हणजे बेकायदा मजकूर काढा असं कंपनीला सांगणारी सूचना, कारण दोन्हींचे रस्ते वेगळे. मग मंत्रालयातल्या पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे आदेशाची प्रत आणि नियम 8 खाली सुनावणी मागा. माहिती अधिकाराचा अर्ज करा, पण नियम 16 दाखवून नकार येईल हे धरूनच. तो नकार फाडू नका, घटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात करायच्या रिट याचिकेला जोडायला लागतो.

शांतताप्रिय

ठीक आहे, थोडं सरकतो. लेखकाला प्रत द्या. लोकांसाठी आदेश क्रमांक, तारीख आणि 69अ मधलं कुठलं कारण, एवढं प्रसिद्ध करा. दुवा आणि तक्रारदाराचं नाव नको. नियम 16 तक्रारदाराला वाचवण्यासाठी आहे असं वाचलं, तर इतकं त्यात बसतं.

कलमकसाई

नुसतं ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ छापून काय कळणार? हरनामदासमध्ये कारण म्हणजे कलमाचे शब्द पुन्हा लिहिणं नव्हे, यावरच तर आदेश पडला. आक्षेप कुठल्या उताऱ्यावर आणि त्याने नेमकं काय बिघडेल, हा परिच्छेद त्यात हवा. तो लिहिताना अधिकाऱ्याचा हात अडखळला, तर माझं निम्मं काम तिथेच झालं.

शांतताप्रिय

लेखकाच्या प्रतीत असू दे. जाहीर यादीत नको, यावर मी ठाम आहे.