अनुभव धागा: बालवाडीच्या वयातले ‘उद्योग’

मे महिन्यात जळगावात सकाळी दहानंतर पोरांना बाहेर सोडायची सोय नसते. पारा 44-45 वर, आणि घरात चार वर्षांचं पोर. म्हणून हा धागा. तीन ते सहा वयाच्या मुलांसोबत घरात, ओट्यावर, शेतात, अंगणवाडीत केलेले प्रयोग, मातीकाम, रंगकाम, काहीही लिहा. कृती थोडक्यात चालेल. पोर काय म्हणालं आणि त्याने त्याचं काय करून ठेवलं, ते मात्र सविस्तर लिहा. विकतच्या किटबद्दल नको, ते खोक्यावर छापलेलं असतंच.

सुरुवात मीच करते. संध्याकाळी ओट्यावर तांब्याभर पाणी आणि भिंत रंगवायचा जुना ब्रश दिला. लेक फरशीवर हत्ती काढायचा. शेपटीपर्यंत येईतो सोंड वाळलेली. आधी चिडायचा, मग त्याची शर्यतच झाली. आजीला विचारलं, “पानी कथा गये?” (पाणी कुठे गेलं?) सासूबाई म्हणाल्या, ऊन पिऊन गेलं. मी बाष्पीभवन सांगायला तोंड उघडणार, तोवर हा माठाजवळ. तिथे सावलीत पाण्याची रेघ ओढली आणि राखण करत बसला. तीही वाळली. मग आजीला जाब: “इथे ऊन नव्हतं, मग कोण प्यायलं?” आजी गप्प, मीही गप्प. पुढचं त्यानेच काढलं: पंख्याखाली लवकर वाळतं, मोरीत उशिरा. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असल्याने हे सगळं पोराच्या धीरात बसतं. कोकणातल्या नणंदेने करून पाहिलं, तर तिची लेक वाट बघता बघता झोपून गेली.

रावेर, केळीवाल्यांची सून

आमच्याकडे खेळणं म्हणजे केळीच. कच्च्या केळ्यांची एक फणी डब्यात पिकल्या केळ्यासोबत झाकून ठेवायची, दुसरी उघडी टोपलीत. डब्यातली आधी पिवळी होते. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं आणि तो शेजारच्या फळांनाही पिकवतो; केळी पिकवायच्या खोल्यांत हेच मोठ्या प्रमाणावर करतात. हे मला माहीत. पाच वर्षांच्या लेकीचं म्हणणं वेगळं: “पिकलेलं केळ कच्च्याला गोष्ट सांगते.” मग तिने डब्यात कच्चा कांदा ठेवला, लिंबू ठेवलं, एकदा दादाचा मोजाही ठेवला. कोणाला गोष्ट ऐकू येते ते बघायला. मी डबा धुऊन घेतला, पण मोजा काढला नाही.

दुसरं, चिकाची चित्रं. केळीचा चीक कपड्याला लागला की निघत नाही हे इथे सगळ्यांना पाठ. ताजा चीक पाण्यासारखा दिसतो, हवा लागून नंतर काळपट-तपकिरी होतो. जुन्या धोतराच्या तुकड्यावर तोडलेल्या दांड्याने काढायला द्यायचं. काढताना काहीच दिसत नाही, आणि नंतर घर, बैलगाडी, पपा वर येतात. अंगात जुनेच कपडे हवेत, हे सांगायला नको. आणि पानाचा जाड देठ आडवा कापला की आत हवेचे कप्पे असतात, रंगात बुडवून कागदावर ठेवला तर सुंदर जाळी उमटते. भेंडीचे ठसे सगळेच करतात, हे करून बघा.

धुळे, बाबा

दोन ग्लास ताक, सारखे. मुलाने स्वतः डोळे लावून खात्री केली. मग त्याच्यासमोर एकातलं ताक उंच, अरुंद ग्लासात ओतलं. “यात जास्त आहे, मला हे.” परत ओतलं: “आता सारखं.” परत उंच ग्लासात: “आता जास्त.” त्याला यात काहीही विचित्र वाटलं नाही. बहीण आठ वर्षांची, ती कपाळ बडवत होती. ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने हेच दाखवलं होतं: साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलं एकाच मापावर, बहुधा उंचीवर, भिस्त ठेवतात. समजावून फरक पडत नाही. ओतायला देत राहा, आपोआप कळतं. तोवर भांडण टाळायचं असेल तर घरात एकाच मापाचे ग्लास ठेवा.

शहादा तालुका, निवृत्त अंगणवाडी सेविका

आमच्या अंगणवाडीत खेळणी कमी, माती भरपूर. पोळ्याच्या आधी पोरं बैल करायची. आपली काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना खूप आकसते, म्हणून तर उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. नुसत्या मातीचे बैल दुसऱ्या दिवशी फुटलेले. पोरं रडकुंडीला. मी तीन ढीग केले: नुसती माती, मातीत बारीक भुसा, मातीत वाळू. कोणी कशाचा बैल करायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. भुशाचे बैल टिकले, वाळूचे बरे राहिले, शिंगं मात्र सगळ्यांचीच गळाली. एका मुलीने शिंगांच्या जागी बाभळीचे काटे खोचले. आता तेवढे टोकदार काटे मी खोचू दिले असते का? पण तिने विचारलंच नव्हतं.

बरीच मुलं घरी भिली बोलायची, त्यांना माझी मराठी परकी. मातीकामात ते आडवं येत नसे. तीच मला त्यांचे शब्द शिकवायची आणि माझ्या उच्चारांना हसायची.

प्रशिक्षणात आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल सांगितलं होतं. 1945 साली बोर्डीत सुरू झालेलं त्यांचं बालवाडीचं काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलं. शिंपले, बिया, पानं, खडे, जे गावात आहे तेच शिकवायचं साहित्य. शिंपले आमच्याकडे कुठले, पण चिंचोके पोत्याने होते.

भडगाव

गिरणेची वाळू आणि बिघडलेल्या स्पीकरचं मोठं लोहचुंबक. चुंबक आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालायचं आणि मग वाळूत फिरवायचं. काळे कण दाढीसारखे उभे राहतात. पिशवी उलटी केली की गळून पडतात. पिशवीविना केलं तर आयुष्यभर पुसत बसा. आपला सगळा दगड बेसाल्ट, त्यात मॅग्नेटाइट नावाचं लोहखनिज असतं, तेच झिजून नदीत येतं. पुतण्याने मग घरभर चुंबक फिरवलं: तवा चिकटला, कुकर नाही, आजोबा नाहीत.

जळगाव, औषध दुकान चालवते

वर भडगावच्या दादांनी मोठं चुंबक लिहिलं ते बरं केलं. छोटी, गोळीएवढी ताकदवान चुंबकं या वयात घरातच नकोत. दोन गिळली गेली तर आतड्याच्या घड्या मध्ये धरून एकमेकांना चिकटतात, ऑपरेशनची वेळ येते. बटन सेलही पोरांच्या हाती नकोत. शेंगदाणा, चणा, चिंचोका नाकात-घशात जाणारी वस्तू आहे, समोर बसूनच खेळवा. हळदीचा रंग बदलायचा प्रयोग करणार असाल तर त्यात चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर फार वाईट. साबणाने काम होतं.

चाळीसगाव

तोच हळदीचा: हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद, त्यावर साबणाच्या पाण्याने बोट. लालभडक. लेक ओरडली, “आई, कुंकू!” माझी आजी हळदीचंच कुंकू करायची, त्यामुळे पोरगी बरोबरच होती. वर लिंबू पिळलं की परत पिवळं.

पारोळा, आजोबा

सगळं वाचलं. छान आहे. पण आमच्याकडे नळ काही दिवसांआड येतो, आणि तुम्ही ताक ओता, लिंबं पिळा, फरशीवर पाणी सांडा सांगता. आमच्या लहानपणी पोरं नदीत खेळायची, कोणी प्रयोग म्हणत नव्हतं.

जळगाव (धागा काढणारी)

काका, पाणी तांब्याभरच होतं, उरलेलं तुळशीला गेलं. धुळ्याचं ताक पिऊन टाकलं असेलच.

धुळे, बाबा

उंच ग्लासातलं त्याने, दुसरं मी.

पाचोरा

पाण्याविना खेळ हवा असेल तर गुलाबाईचा, म्हणजे मुलींच्या गाण्यांच्या सणातला घ्या. गाणी झाली की झाकलेला डबा हलवून आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. मी तो वर्षभर चालवते. साबुदाणा, पोहे, शेंगदाणे, गुळाचा खडा, एकेक डब्यात. आवाजावरून ओळखायचं, मग वजनावरून, मग वासावरून. तिघीजणी खेळतात, सर्वात धाकटी साडेतीनची. तिने एकदा रिकामा डबा हलवला आणि म्हणाली, “यात खाऊ संपलाय.” कोणीही तिला रिकामा डबा शिकवला नव्हता. आता ती मुद्दाम रिकामे डबे आणते आणि पाहुण्यांना हरवते. पोह्यांना आवाजच येत नाही म्हणून थोरलीने स्टीलऐवजी पुठ्ठ्याची पेटी घेतली, तर आवाज आणखी दबला. पत्र्याच्या डब्यात घातल्यावर पोहे बोलले. आवाज फक्त खाऊचा नसतो, डब्याचाही असतो, हे आमच्या घरात असं ठरलं.

शिरपूर

व्हिडिओ बघून ज्वालामुखी केला. मातीचा डोंगर, खाण्याचा सोडा, व्हिनेगरऐवजी लिंबाचा रस. फेस मस्त आला. मुलाने एकदा पाहिलं आणि मग तासभर सोड्याच्या डबीचं झाकण उघडबंद करत बसला. झाकण फिरवलं की वर कसं येतं, हे त्याला ज्वालामुखीपेक्षा मोठं वाटलं. मी लिंबं आवरली.

भुसावळ

शून्य सावलीचा दिवस कोणीच कसा लिहिला नाही? आपण साधारण 21 अंश उत्तरेला आहोत, त्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. वेळ बाराची नव्हे. आमच्याकडे सव्वाबारा ते साडेबाराच्या मध्ये. नंदुरबार आणखी उत्तरेला, तिथे दोन-तीन दिवस उशिरा. जुलैत पुन्हा येतो, पण तेव्हा ढग. गच्चीवर ताठ उभी बाटली, डबा, पेला ठेवायचा. पायात चप्पल घालून, डोक्याला रुमाल बांधून, पाच मिनिटांत खाली. सूर्याकडे बघू द्यायचं नाही. आधीच्या दिवसांत रोज सकाळी खडूने सावलीची टोकं आखली असतील तर मजा दुप्पट. आमचा भाचा बाटली उचलून खाली बघत होता, सावली तिथे दबून बसली असेल म्हणून.

चोपडा, मावशी

माझ्याकडे बहिणीची जुळी येणार आहेत, तीन वर्षांची. अजून सगळं तोंडात घालतात. यातलं काय करू?

शहादा तालुका, निवृत्त अंगणवाडी सेविका

खाण्याचंच द्या. मळलेली कणीक, भिजून फुगलेला साबुदाणा, उकडलेला बटाटा कुस्करायला, दही घुसळायला छोटी रवी. मोड आलेले मूग शिजवून द्या. दोघांना वेगळी ताटली, नाहीतर प्रयोग एकमेकांच्या केसांवर होतो.